सुरई रस्ता ओलांडत नाही

बाजारपेठेच्या रस्त्याला दोन्ही तोंडांशी एकेक निळी पाटी आहे. या रस्त्यावर, फुटपाथवर आणि कारंज्याभोवतीच्या बाकांवर मद्याचं उघडं भांडं जवळ बाळगायला मनाई आहे, असं तिच्यावर लिहिलं आहे. खाली बारीक अक्षरांत खुलासा आहे. उघडं म्हणजे ज्याचं कारखान्याचं सील तुटलेलं आहे, किंवा ज्याला सील मुळात नव्हतंच, असं कोणतंही भांडं. बूच कितीही घट्ट असलं तरी ते उघडंच.

पाट्या अलीकडच्या. त्याआधी लोकांना हा नियम या रस्त्यावरच्या हवालदारांकडून कळायचा. त्यांची एक पद्धत होती. ते शिट्टी मारत नसत, ओरडत नसत. समोर येऊन नुसता तळहात दाखवत आणि माणसाला गटाराच्या जाळीपाशी घेऊन जात. ओतायचं त्याचं त्यानंच. मग ते रिकामी बाटली बघून, पुसून त्याला परत देत आणि म्हणत, "भांडं तुमचं. घेऊन जा." एकदा एका सुताराने विचारलं होतं, "आणि आधीच प्यायलेली असली तर?" हवालदार म्हणाले, "पोटातली बंद धरतात. सरळ चालत घरी जा."

घड्याळजींची आणि त्यांची ओळख अशीच झाली. घड्याळजी तेव्हा पेठेत नवे होते. परसातल्या वेलीची द्राक्षं आंबवून घरापुरती वाइन करायचा त्यांना नाद होता, आणि घरापुरती करायला परवानगीही होती. एकदा ते काचेची सुरई भरून समोरच्या न्हाव्याला चव द्यायला निघाले. रस्त्याच्या मधोमध तळहात आला. घड्याळजींनी मुकाट्याने जाळीवर सुरई रिकामी केली. हवालदारांनी ती हातात घेतली, पुसण्याआधी हुंगली आणि म्हणाले, "घाई केलीत. अजून थोडे दिवस ठेवायला हवी होती."

घड्याळजी चाटच पडले. घड्याळं साफ करायच्या बेन्झिनच्या वासाने त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं आणि नाकामागोमाग जीभही. वाइन झाली की नाही ते त्यांना कळत नसे, आणि त्यांची बायको थेंबाला शिवत नसे. त्या वर्षी त्यांनी कच्चीच बाटल्यांत भरली होती. हवालदार बोलले त्याच आठवड्यात कपाटातल्या बाटल्या एकामागून एक फुटल्या. दुरुस्तीला आलेलं एक लंबकाचं घड्याळ लालभडक झालं. घड्याळजी दुसऱ्या दिवशी स्वतःहून चौकीवर गेले. म्हणाले, "हवालदार, पुढच्या वर्षी चव घ्यायला दुकानात याल का? आत. उंबऱ्याच्या आत."

तेव्हापासून दर वर्षी हवालदार ड्युटी संपवून, टोपी आणि कोट चौकीत ठेवून, रस्ता ओलांडून येत. दुकानातल्या उंच स्टुलावर बसत. एक घोट तोंडात घोळवत आणि निकाल देत. निकाल एका वाक्याचा असे आणि त्यावर अपील नसे. पुढे हवालदारांची मुलगी आणि घड्याळजींचा मुलगा यांनी लग्न केलं, तेव्हा दोघं एकमेकांना व्याही म्हणू लागले. बाकी काही बदललं नाही.

मुलगी बापाच्याच वाटेने गेली. पोलिसात भरती झाली आणि बापाच्याच रस्त्यावर तिची नेमणूक झाली. ती घड्याळजींकडे राहते, दुकानाच्या वर. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हवालदार, आता निवृत्त, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी त्यांना दोन्ही वेळा डबा नेऊन देते आणि जाता-येता खिडकीकडे नजर टाकते.

उन्हाळ्याच्या तोंडाला हवालदार जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, प्लॅस्टर निघालं, डॉक्टरांनी सांगितलं की आता चाला, जितकं चालाल तितकं चांगलं. हवालदार घरात चालत. खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत, स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत. जिन्याचं नाव काढलं की म्हणत, "पाय अजून तयार नाही."

दुसऱ्या गावी राहणारा त्यांचा मोठा मुलगा फोनवर ऐकत होता. त्याचं घर तळमजल्यावर होतं. शेवटी त्याने ठरवलं, की जो माणूस घराबाहेर पडू शकत नाही त्याला असं एकटं ठेवायचं नाही. तो रविवारी येणार होता, न्यायला. हवालदार हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मुलीने विचारलं तेव्हा म्हणाले, "तिकडे खिडकीतून काय दिसतं कुणास ठाऊक."

त्याच आठवड्यात घड्याळजींच्या दुकानामागे बुडबुडे मंदावले.

दुकानामागच्या खोलीत मोठी काचेची बरणी असते. तिच्या बुचातून एक वाकडी नळी निघते आणि पाण्याच्या पेल्यात बुडते. वाइन आंबत असते तोवर नळीतून बुडबुडे येत राहतात. पुढे घड्याळांची टिकटिक आणि मागे ही बुडबुड, असं त्या घराचं शरद ऋतूतलं संगीत. बुडबुड्यांमधलं अंतर वाढलं की चव घ्यायची वेळ येते. लवकर भरली तर बाटल्या फुटतात, उशीर केला तर आंबट होते.

घड्याळजी रस्त्यावर आले आणि वर बघून ओरडले, "व्याही! येताय ना?"

खिडकी उघडली. "पाय नाही म्हणतो."

"पायाला कोण बोलावतंय? जीभ पाठवा."

"जीभ पायाशिवाय निघत नाही."

"मग मीच घेऊन येतो वर."

"सुरई घेऊन?" हवालदारांनी खिडकीत कोपर टेकलं. "रस्त्यावरून?"

घड्याळजी आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला. सूनबाई बुटांच्या नाड्या बांधत होती.

"सूनबाई, समजा, थर्मासमध्ये घातली. झाकण आवळलं. वरून कापड गुंडाळलं. झालं ना बंद?"

"सील आहे?"

"घरच्या वाइनला सील कुठून असणार?"

"मग उघडी."

विहीणबाई, म्हणजे घड्याळजींच्या पत्नी, तव्याकडे बघतच म्हणाल्या, "ही बाई घरची सून आहे की सरकारची?"

"आई, बूट घातले की सरकारची. काढले की तुमची."

"मग काढ ना घटकाभर."

"बरं, त्यांची भाजीची टोपली आहे ना," घड्याळजी म्हणाले, "ते दोरीने खाली सोडतात ती. आपल्या वरच्या खिडकीतून त्यांच्या खिडकीपर्यंत दोरी बांधली, टोपलीत सुरई ठेवली आणि ओढून घेतली वर. रस्त्याला टेकतसुद्धा नाही."

"रस्त्यावरची हवा रस्त्याचीच, मामंजी. हे मला कोणी शिकवलं माहीत आहे?"

"माहीत आहे. खिडकीत बसलंय ते."

सूनबाई हसली, टोपी घातली आणि निघाली. दारात थांबून तिने मागे वळून बघितलं. "मामंजी, खरं सांगू का? तुम्ही वर नेलीत ना, तर ते वरच बसून पितील. आणि रविवारी दादा येईल." एवढं बोलून ती गेली.

घड्याळजींनी ते ऐकलं, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. व्याही चाललेत कायमचे, आणि या वर्षीचा घोट न घेता चाललेत, हेच त्यांना टोचत होतं. एकदा का रविवार उलटला की वाइनचं काय करायचं ते सांगणारं कोणी उरत नव्हतं. त्याहूनही, स्टुलावर बसणारं कोणी उरत नव्हतं.

दुपारी पेठ सुस्तावली तेव्हा ते दुकानातून बाहेर पडले. हातात एक भिंतीवरचं लाकडी घड्याळ होतं, लंबकाचं, काचेच्या दाराचं. दाराच्या काचेला आतून जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं. घड्याळ पोचवायला निघालेल्या माणसासारखे ते निघाले, जरा जास्तच सावकाश.

सूनबाई कारंज्यापाशी उभी होती. तिने सासऱ्यांना पाहिलं आणि तिची नजर घड्याळावर अडकली. पाच वर्षं ती त्या घरात राहत होती. लंबकाचं घड्याळ न्यायचं तर घड्याळजी आधी लंबक काढून खिशात ठेवत आणि घड्याळ आडवं करून काखेत मारत. कधीही, कोणाच्याही घरी, असंच. आज घड्याळ उभं होतं. दोन्ही हातांनी, छातीशी धरलेलं, तान्ह्या मुलाला धरावं तसं.

ती समोर जाऊन उभी राहिली. "कोणाचं घड्याळ, मामंजी?"

"व्याह्यांचं."

"त्यांच्या घरी एकच घड्याळ आहे. ते भिंतीवर आहे."

"हे दुसरं. भेट."

"चालतं का?"

"चालतं."

"मग वाजत का नाही?"

घड्याळाच्या चावीच्या भोकातून एक जांभळा फेसाळ थेंब बाहेर आला, लाकडावरून ओघळला आणि त्यांच्या बाहीवर पडला. बेकरीच्या दारात उभा असलेला बेकरीवाला खोकला. न्हावी कात्री हातात घेऊन बाहेर आला. फुलवालीने बादली खाली ठेवली.

"मॅडम," न्हावी म्हणाला, "घड्याळाला सर्दी झालीय."

"तुम्ही आत जा."

कोणीही आत गेलं नाही. मग सगळ्यांनी वर बघितलं, कारण वरची खिडकी उघडली होती आणि हवालदार उभे होते.

सूनबाईला ते दिसण्याआधी जाणवले. तिने मान वर केली. "बाबा," ती म्हणाली, "काय करू?"

प्रश्न साधा नव्हता. जाऊ दे म्हटलं असतं तर कोणी तक्रार केली नसती. बेकरीवाल्याने नक्कीच केली नसती, न्हाव्याने तर नाहीच. पण याच लोकांच्या बाटल्या हवालदारांनी याच जाळीवर रिकाम्या करवल्या होत्या. आणि खाली उभी होती ती त्यांचीच मुलगी, त्यांच्याच रस्त्यावर. घड्याळजी वर बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विनंती नव्हती, नुसती वाट बघणं होतं.

हवालदारांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "जाळीपाशी," ते म्हणाले.

घड्याळजींनी घड्याळाचं दार उघडलं, सुरई काढली आणि जाळीपाशी गेले. त्यांचं त्यांनीच ओतलं. वाइन छान रंगाची होती. गटारात जाताना ती उन्हात चमकली तेव्हा फुलवाली म्हणाली, "अगं आई गं."

"बाप आणि लेक," घड्याळजी म्हणाले, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एका साच्यातले." त्यांनी रिकामी सुरई सूनबाईच्या हातात दिली, घड्याळ आता आडवं करून काखेत मारलं आणि दुकानात गेले. आत जाऊन त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसले.

सूनबाईने सुरईकडे पाहिलं. मग समोरच्या इमारतीत शिरली आणि जिना चढून वर गेली.

हवालदार अजून खिडकीतच होते. वळले नाहीत. "रागावले?"

"पाठ करून बसलेत."

"बसणारच." मग ते वळले आणि म्हणाले, "मला वाटलं तू मला विचारणार नाहीस."

"मला वाटलं तुम्ही जाऊ दे म्हणाल."

"म्हणायला हवं होतं का?"

"मला नाही माहीत, बाबा." तिने सुरई पुढे केली. "रिकामी आहे. रिकामी आणता येते."

हवालदारांनी ती घेतली. नाकाशी नेली, डोळे मिटले. मग सुरई उलटी करून बघितली. थेंबही आला नाही. मान हलवून म्हणाले, "वास गोड आहे. पण वासावरून या वेळी कळत नाही. चाखायला लागेल."

"ते आणू शकत नाहीत," मुलगी म्हणाली. "मी आणू शकत नाही. टोपली येऊ शकत नाही. आता उरलं कोण?"

हवालदार खुर्चीत बसले. सुरई मांडीवर होती. खाली कोणीतरी शटर ओढलं. ते म्हणाले, "पाय नाही गं."

"माहीत आहे."

"पाय ठीक आहे. जिना. मी दार उघडतो, वरच्या पायरीवर उभा राहतो आणि खाली बघितलं की पुन्हा पडतोय असं वाटतं. रोज. तू गेलीस की रोज उघडून बघतो. मग बंद करतो." ते हसायला गेले, जमलं नाही. "इतकी वर्षं या रस्त्यावर उभा राहिलो. दंगा झाला तेव्हाही. आणि जिन्याला घाबरतोय. हे कोणाला सांगायचं?"

मुलगी त्यांच्यापुढे उकिडवी बसली. टोपी काढून जमिनीवर ठेवली. "तुम्ही मला जिना उतरायला कसं शिकवलं होतं?"

"मी कुठे शिकवलं? तुझी आई असेल."

"तुम्हीच. मी लहान होते. बसून उतर म्हणायचात. एक पायरी, मग बस, मग पुढची. तुम्ही माझ्या पुढे असायचात, पाठ करून. म्हणायचात, मी समोर आहे तोवर तू फार लांब पडणार नाहीस."

"या वयात बसून?"

"खालचं दार बंद करून येते. कोणी बघणार नाही."

हवालदारांनी विचार केला. "बेकरीवाला बघेल. त्याला भिंतीतून दिसतं."

"बंद करून येते," ती म्हणाली आणि गेली.

परत आली तेव्हा ते वरच्या पायरीवर बसलेले होते, काठी मांडीवर आडवी, दोन्ही हातांनी कठडा धरलेला. अंगात चांगला शर्ट होता. ती त्यांच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, पाठ करून.

"मागे वळून बघू नकोस," हवालदार म्हणाले.

"नाही बघत."

मग एक घसरल्याचा आवाज, एक धापेचा, एक थांबल्याचा. ती एक पायरी उतरली. पुन्हा तोच आवाज. पहिल्या वळणावर तिला त्यांचा हात खांद्यावर जाणवला. बोटं रुतत होती. दुसऱ्या वळणावर पकड सैल झाली. खालच्या काही पायऱ्या हवालदार उभे राहून उतरले, कठड्याला धरून. तिला ते पावलांवरून कळलं. तिने डोळे पुसले ते त्यांना दिसलं नाही, कारण तिची पाठ होती.

"दार उघड," ते म्हणाले. "आणि पँट झटक माझी. मागे धूळ असेल."

हवालदार रस्त्यावर आले तेव्हा पेठेने त्यांच्याकडे न बघण्याची शिकस्त केली. न्हाव्याने गिऱ्हाईकाच्या एकाच कानामागे बराच वेळ कात्री चालवली. बेकरीवाला रिकामा ट्रे पुसत राहिला. फुलवालीला राहवलं नाही. "या, हवालदार," ती म्हणाली. "रस्ता तुमचाच आहे."

"सरकारचा आहे," हवालदार म्हणाले आणि काठी टेकत पुढे निघाले.

दुकानात विहीणबाई काउंटरमागे होत्या. त्यांना आधी काठी दिसली, मग माणूस. "अहो," त्या म्हणाल्या.

"कामात आहे."

"अहो, वळून तरी बघा."

घड्याळजी वळले, डोळ्याला भिंग तसंच. भिंगातून त्यांना काय दिसलं असेल ते त्यांनाच माहीत. ते उठले, स्टूल पडलं, धडपडत मागच्या खोलीत गेले, बरणीतून ग्लासभर वाइन काढली आणि ग्लास हातात घेऊन सरळ दारातून बाहेर, फुटपाथवर आले. "व्याही!" त्यांनी हात पुढे केला. "व्याही, आलात!"

हवालदार रस्त्याच्या मधोमध थांबले. काठी डाव्या हातात घेतली. उजवा तळहात वर केला.

"व्याही," ते म्हणाले, "आत."

घड्याळजींनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं, पायांखालच्या फुटपाथकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे घेऊन उंबऱ्याच्या आत गेले. सगळी पेठ हसली. पोलीस शिपाई बाई कारंज्याकडे बघत असल्यामुळे त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

हवालदार आत आले. विहीणबाईंनी पडलेलं स्टूल उचलून पुसलं. पण स्टूल उंच होतं, म्हणून त्यांनी घरातली हाताची खुर्ची आणली, आणि हवालदारांनी ती पायाने बाजूला सारली. घड्याळजींच्या खांद्याचा आधार घेऊन ते स्टुलावर चढले. घोट घेतला. तोंडात घोळवला. दुकानातली सगळी घड्याळं आपापलं काम करत होती.

"बोला," घड्याळजी म्हणाले.

"थांबा हो."

दुसरा घोट घेतला. याआधी त्यांनी कधी दुसरा घेतला नव्हता. दाराच्या चौकटीत, उंबऱ्याबाहेर, मुलगी येऊन उभी राहिली होती.

"कच्ची आहे," हवालदार म्हणाले. "रविवारी पुन्हा बघू."

घड्याळजींनी भिंग काढलं. "रविवारी तुमचा मुलगा येतोय."

"येऊ दे की. त्यालाही बसवा."

"आणि नंतर?"

"नंतर सोमवारी बघू. तुमच्या बरणीचं काही सांगता येत नाही." हवालदारांनी ग्लास संपवला आणि काउंटरवर ठेवला. "तुमचं नाक हे असं. मी गेलो तर तुम्ही पुन्हा कपाट फोडणार. मी सांगतो त्याला."

विहीणबाई मागच्या खोलीत गेल्या. पेल्यातल्या नळीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. एकही बुडबुडा आला नाही. त्या परत आल्या आणि त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. घड्याळजींना म्हणाल्या, "बरणी जरा गारव्याला ठेवा. रविवारपर्यंत बिघडायला नको."

हवालदार जायला निघाले. दारात थांबून त्यांनी मागे बघितलं.

"व्याही, तुमची सुरई वर राहिली माझ्याकडे."

"असू द्या. सूनबाई आणेल."

"छे," हवालदार म्हणाले. "भांडं तुमचं. मीच आणून देईन."